कपाट वळलं पाहिजे

सोलापूर,
दि. २३ मार्च २०२५

चि. पूनम,
सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. आयुष्यभर वीज मंडळात कारकुनी केली, तेव्हा पत्र कोरडं वाटेल. घरी सगळे ठीक आहेत. रत्नदीप गेल्यापासून शुभदा घरीच होती, आता पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली आहे. रत्नदीपचं ऑफिस तू चालू ठेवलंस आणि दारावरची त्याची पाटी काढली नाहीस, हे तिला फार बरं वाटलं.

धुळाप्पांच्या घराचा जिना अरुंद केला तर खाली दुकानाचा गाळा निघतो. सर असते तर हो म्हणाले असते का, असं तू विचारलंस. मी आर्किटेक्ट नाही. पण निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी भावाबरोबर साइटवर जात होतो. त्याचं काम बघण्यात माझा वेळ चांगला गेला.

त्या घराची आखणी झाली तेव्हा तू रजेवर होतीस. रत्नदीपने मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या आणि धुळाप्पांच्या म्हाताऱ्या आईला, केराबाईंना, आत फिरून यायला सांगितलं. आम्ही सगळे रेषा ओलांडून इकडेतिकडे हिंडत होतो. केराबाई मात्र फक्कीत जिथे दार सोडलं होतं तिथूनच आत गेल्या, तिथूनच बाहेर आल्या. रत्नदीप दिवसभर खूश होता. "दादा, बाईंना घर दिसलं," म्हणाला. मग त्याने त्यांना खोली कुठं हवी ते विचारलं. वर हवी, वर वारं लागतं, असं त्या म्हणाल्या. दुपारी महापालिकेत नकाशासाठी ताटकळतानाही तो तेच सांगत होता.

जिन्यावरून तेव्हाच वाद झाला होता. धुळाप्पा म्हणाले, "सर, लई रुंद धरलाय की जिना. हत्ती चढवायचाय का हितं?"

"हत्ती नको. पण कपाट वळलं पाहिजे," रत्नदीप म्हणाला.

"कपाट सुटं करून नेऊ की."

यावर तो म्हणाला, "कपाट सुटं होतं, धुळाप्पा. सगळंच होत नाही." धुळाप्पांना काय समजलं कोण जाणे, पण ते हसले आणि विषय सोडला.

हे कपाट तू ऑफिसात कितीदा तरी ऐकलं असशील. नकाशा पुढे आला की आधी जिन्याच्या वळणावर बोट. तुम्ही मुलं त्याची चेष्टा करायचात, तोही हसायचा. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण मी तिथे होतो.

आमची आई गेली तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. जिना इतका अरुंद होता की वळणावर तिला आडवं नेता येईना. शेवटी खुर्चीत बसवलं, तिच्याच लुगड्याने बांधलं आणि तसं उतरवलं. रत्नदीप तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. तिची मान पडू नये म्हणून तो डोकं धरून उलटा उतरत होता. खालचे लोक वर बघत होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तो मला जिन्यात मापाची टेप घेऊन बसलेला दिसला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "इथं कपाट वळलं नसतं, दादा." त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. पण त्यानंतर त्याने काढलेल्या एकाही जिन्यात माणसाला खुर्चीत बांधावं लागणार नाही. नवीन घर बांधणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये, म्हणून तो कपाट म्हणायचा.

पुढचं लिहिणार नव्हतो. पण तू त्या दिवशी खाली अंगणात होतीस, वर काय झालं ते तुला दिसलं नाही.

रत्नदीप वारला तो वरच्या खोलीत, आमच्यासाठी त्याने स्वतः बांधलेल्या घरात. चौघांनी त्याला गादीसकट उचललं. पुढे त्याच्या साइटवरचा सिद्राम मिस्त्री होता, मागे मी. वळणावर सिद्राम सवयीने थांबला. मला वाटलं, आता तिरपं करायला सांगेल. त्याने खांदा भिंतीकडे नेला, अंदाज घेतला आणि सरळ वळला. कुठे घासलं नाही, कुणाला काही बोलावं लागलं नाही. खाली आल्यावर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "वळलं, दादा."

त्यालाही कधी कुणी सांगितलं नव्हतं.

केराबाईंची खोली वर आहे. धुळाप्पांना गाळा हवा असेल तर दुसरीकडून जागा काढ. तुला ते जमतं, असं रत्नदीप म्हणायचा. जिना आहे तसा राहू दे. त्यांनी कारण विचारलं, तर कपाटाचंच सांग.

तुझ्या सरांचा थोरला भाऊ,
दीपक