जिन्याने चढणारा लिफ्टवाला

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. आज जरा वैतागून करतोय, तरी गोड मानून घे.

तब्येत बरी आहे. झोप लागते. मधेच दचकून उठतो, पण पुन्हा लागते. आईला एवढंच सांग, दचकणं गाळून.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस सहा मजले जिन्याने चढतो, म्हणून कामावरची मंडळी पोट धरून हसतात. हसू देत. माझा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात पडला तो माझ्या डोळ्यांदेखत, त्यांच्या नाही.

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तर डोकं उठवलंय. डोळे मिटायचे आणि तो अपघात आत्ता घडतोय असा पहिल्यापासून सांगायचा. वर त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं! परवा मी ओरडलोच, "बाई, मी विसरायला आलोय, पाठ करायला नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "जितकं टाळाल, तितकं ते मानगुटीवर बसेल." असा राग आला! पण काल पहिल्या मजल्यापर्यंत लिफ्टने गेलो. घामाघूम झालो, पण गेलो.

आता राग तुझ्यावर. तो विषय काढायचा नाही, अशी तू घरात सगळ्यांना ताकीद दिली आहेस ना? भाऊजी हवापाण्याचं बोलतात, भाची घाईघाईने फोन आईकडे देते आणि आई विचारते, "जेवलास का?" माझ्या भल्यासाठीच, कळतं मला. पण इथे एका परक्या बाईला ते मी कितीदा तरी सांगितलंय, आणि घरात एकालाही नाही.

आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी फोन करीन. जेवलेला असेन. दुसरं काहीतरी विचारा.

तुझा धाकटा