देठ मोडून बघ

हसनाबाद,
८ जुलै २०२४

ती. जगन्नाथमामांस, गंधालीचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं आणि चाळीस कोंबड्या खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण या आठवड्यात दोन मेल्या. पावसानं परसात गुडघाभर तण माजलंय आणि कोंबड्या दिवसभर त्यातच चरतात. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी खाल्लं असावं, कोणतं ते तुम्हीच शोधा. धर्मराज म्हणतात, तण उपटायचं शिकलो, वळखायचं कोणी शिकवलंच न्हाई. पुण्यात इतकी वर्षं संगणकापुढे बसल्यामुळं मलाही हिरवा रंग तेवढा कळतो. फोटो पाठवले असते, पण तुमच्या फोनला फक्त वाजता येतं. म्हणून चार पानं दाबून, वाळवून पाकिटात घातलीत.

आईला दाखवा, असं लिहायचा धीर होत नाही. कोंबड्या आणल्यावर ती एकदाच आली. ओसरीवर बसून सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायली, "कोंबड्यांच्या घरचं पाणी मला नको" म्हणाली आणि आल्या बसनं परत गेली. वर्ष झालं, माझा फोन उचलत नाही. तुम्ही एका घरात राहता. ती बरी आहे ना, एवढं तरी कळवा.

घरात सर्वांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
गंधाली

जालना,
१४ जुलै २०२४

चि. सौ. गंधालीस, जगन्नाथमामाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचले. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे मला वनस्पतींची नावे भरपूर येतात, वनस्पती येत नाहीत. तुझे जाड पानाचे तण बहुधा लोणिका असावे. पण हे कोंबडीला सांगून काय उपयोग?

तेव्हा मी पाकीट ओट्यावर उघडले. ताई, म्हणजे तुझी आई, तिथेच मेथी निवडत होती, हा योगायोग समज. तिने पानांकडे पाहिले नाही असे दाखवले आणि भिंतीशी बोलू लागली. भिंतीला कळले ते असे: निळ्या फुलाचा तो केना, कोंबड्यांना चालतो. दुसरा तांदुळजा, तो तर माणसांनीही खावा. जाड पानाचा, तांबूस देठाचा घोळ, तो बिलकुल चांगला. चौथा धोतरा, "तो परसात ठेवणाऱ्याला काय म्हणावं!" हा शेवटचा शेरा भिंतीसाठी नसावा.

ताईची तब्येत उत्तम आहे. आवाज तर विशेषच.

पत्राचा आळस करू नये, मामा करतो तेवढा पुरे.

तुझा,
जगन्नाथमामा

हसनाबाद,
२४ जुलै २०२४

ती. मामांस, सा. न. वि. वि.

धोतरा त्याच दिवशी मुळासकट काढला. तुमच्या भिंतीला माझा नमस्कार सांगा. तुमचं पत्र वाचून धर्मराज म्हणाले, सासूबाई बोलून न्हाई राह्यल्या, पण पाला बराबर वळखून राह्यल्या. मला हसू आलं, मग आलं नाही.

पण आता वेगळीच पंचाईत झालीय. घोळ चांगला म्हणून मी रोज टोपलीभर कापून खाद्यात मिसळू लागले. परवापासून तीन कोंबड्या मान टाकून बसल्यात, पिवळी तर डोळेही उघडत नाही. मी कापला तो घोळच होता, जमिनीला चिकटलेला, तांबूस देठाचा. तरी एक काडी वाळवून पाठवते आहे. आणखी गेल्या तर सगळ्या विकून टाकू, असं आमचं ठरलंय. आईला तेच हवं असेल, तर तसंही कळवा. राग येणार नाही.

आशीर्वाद असू द्या.

तुमची,
गंधाली

जालना,
२९ जुलै २०२४

चि. सौ. गंधालीस, अनेक आशीर्वाद.

या वेळी भिंतीला सुट्टी मिळाली. ताईने काडी उजेडात धरली, चष्मा बदलला आणि थेट मला विचारले, "देठ मोडल्यावर दूध आलं का पाणी?" मी म्हटले, मला काय माहीत. ती म्हणाली, मंग तुला काय माहीत असतं? मग तिनेच सांगितले: घोळाच्या देठातून पाणी येते. अगदी तसेच पसरणारे, पण बारीक पानाचे दुधी नावाचे तण असते, त्यातून पांढरा चीक येतो, तो कोंबड्यांना बाधतो. हिरवी असताना बोटाला कळते. वाळल्यावर दोन्ही सारख्याच काड्या.

मी लगेच नियम बांधला की दूध आले तर फेकावे. त्यावर तिने विचारले की पाथरीलाही दूध असते, तू लहानपणी शेतात कच्ची खायचास ती, मग ती का नाही फेकलीस? मी नियम मागे घेतला.

कोंबड्या विकायचा तुमचा बेतही तिला वाचून दाखवला. तिने मेथी दुसऱ्यांदा निवडली, निवडलेलीच. नंतर माझ्याकडे कोरा कागद मागितला. तो सोबत आहे. मी वाचलेला नाही, म्हणजे चष्म्याशिवाय.

माया असावी, उत्तराची वाट आहे.

तुझा,
जगन्नाथमामा

जालना,
२९ जुलै २०२४

चि. सौ. गंधालीस आईचा आशीर्वाद.

पत्र पोचेल त्या दिवसापासून कोंबड्या कोंडून ठेव. नुसती ज्वारी घाल. मान टाकलेल्या तिघी वेगळ्या ठेव. परसातलं काहीही उपटू नकोस, उपटून ढीग केला की कुणालाच काही सांगता येत नाही. देठ कुठं मोडायचा, वास कसा घ्यायचा, हे कागदावर लिहिता येत नाही. मी येते. दोन वाफ्यांतलं तण तू ओळखून दाखव, दोन वाफ्यांतलं मी दाखवीन. मग विकायचं का ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

रविवारी सकाळच्या बसनं निघेन. जेवायला भाकरी आणि घोळाची भाजी कर, पण देठ मोडून बघ. पिशवीत खुरपं आहे, तुझ्यासाठी लोणचं आहे. पाण्याची बाटली आणत नाही. फार जड होते.

जावईबापूंना सांग.

आई