थोरल्याची जागा

सोमवार, ४ तारीख

देवाच्या कृपेने बिऱ्हाड लागलं. खाली दोन खोल्या, वर एक, मागे अंगण, नळाला दिवसभर पाणी. एवढ्या भाड्यात एवढं घर कोण देतं? घरमालकांची अट एकच. आधीच्या बिऱ्हाडाची दोन कुत्री घरातच राहतील आणि त्यांची जोडी मोडायची नाही. मेंढपाळांकडची जात. कुत्री कसली, झिपरी वासरंच ती! हे म्हणाले, निम्मं भाडं कुत्रीच भरतायत असं समज आणि वाढताना हात आखडू नकोस. मोठ्याला आम्ही थोरला म्हणतो, मादीला धाकटी. आठ वर्षांची आमची चिमी पहिल्याच दिवशी धाकटीच्या पोटाची उशी करून झोपली. माझा जीव टांगणीला, पण पोर उठेपर्यंत त्या जनावराने शेपूटसुद्धा हलवली नाही.

गुरुवार, ७

हे पाण्याच्या पंपावर कामाला जातात ते दिवेलागणीलाच येतात. पण कुत्र्यांमुळे घर भरल्यासारखं वाटतं. चिमी कुंपणाशी गेली की धाकटी तिला अंगाने ढकलत ढकलत परत आणते, चुकार मेंढरू असल्यासारखी. झोपते तिच्या पलंगाशी, पाठ चिमीकडे आणि तोंड दाराकडे. थोरला मात्र जिन्याखालच्या खोलीसमोर आडवा पडलेला. त्याची पाठ रस्त्याकडे आणि डोळे त्या बंद दारावर. मी यांना म्हटलं, हा कसला राखणदार, चोर यायचा रस्त्याने आणि हा बघत बसलाय अडगळीकडे! तर म्हणतात, तुझ्यावर गेलाय, सामानाची काळजी.

मंगळवार, १२

जिन्याखालची खोली कोरडी आहे, थंड आहे. वर्षाचं धान्य आरामात मावेल. पण थोरला कडीला हात लावू देईल तर शपथ. गुरगुरत नाही, दात दाखवत नाही, नुसता मध्ये येऊन उभा राहतो आणि छातीने मला मागे सारतो. हे हसतात. मला नाही हसू येत. पोती ओसरीवर पडली आहेत, उंदीर खातायत. घर माझं की त्याचं?

शनिवार, १६

थोरल्याला लाकडाच्या वखारीत दिला. वखारवाल्याला रखवालीला दांडगं जनावर हवंच होतं. हे कुरकुरले, घरमालकांना शब्द दिलाय म्हणाले. मी म्हटलं, ते काय रोज येऊन हजेरी घेणार आहेत? आणि एवढ्याशा घराला एक कुत्री पुरे. त्याला ओढून न्यायला वखारीचे दोन गडी लागले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मान वळवून त्या दाराकडेच बघत होता. दुपारी खोली झाडली, पोती लावली. जिवाला स्वस्थता वाटली.

सोमवार, १८

धाकटी बिघडली आहे. दिवसभर जिन्यापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या. आज चिमी पोत्यांमागे घर-घर खेळायला गेली, तर हिने फ्रॉक दातात धरून तिला फरफटत बाहेर काढलं. नवाकोरा फ्रॉक, घेरापासून कमरेपर्यंत फाटला. मी काठी घेतली. तिने मुकाट मार खाल्ला, पण दारातून हलली नाही. देवा, मुक्या जिवावर हात टाकला, माफ कर.

बुधवार, २०

दुपारी धाकटीला अंगणात बांधून चिमीला कांदे आणायला जिन्याखालच्या खोलीत पाठवलं. बराच वेळ झाला तरी आली नाही. हाक मारली तेव्हा आली, कांदे घेऊन. टाचा उंचावून तिनेच कडी लावली. काय गं, एवढा वेळ? म्हटलं, तर कांदे पुढे केले.

मग धाकटीला सोडलं. तिने चिमीला एकदा हुंगलं आणि मागे मागे सरत माझ्या पायांशी येऊन उभी राहिली. थरथरत होती.

गुरुवार, २१

धाकटी आता पलंगाशी झोपत नाही. माझ्या दाराशी झोपते. पाठ माझ्याकडे. तोंड चिमीच्या खोलीकडे.

चिमी फार शहाण्यासारखी वागते. जिन्याखालचं काही लागलं तर मला उठू देत नाही, स्वतः आणून देते. हे म्हणाले, पोर मोठी झाली. प्रार्थनेला माझ्याशेजारी बसली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. गार आहे, माठासारखं.

शुक्रवार, २२

सकाळी घरमालक आले. थोरला कुठे, विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मुलगी त्या खोलीत गेली होती का. हो म्हटलं. आणि बाहेर कोण आलं, म्हणाले. म्हटलं, असं काय विचारता, चिमीच आली, ही काय बसली आहे. चिमी जिन्याच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते चहाला थांबले नाहीत. चपला घालायलाही थांबले नाहीत, हातात घेऊन निघाले. फाटकातून ओरडले, थोरल्याला आणा, आजच्या आज आणा.

हे वखारीत गेले आहेत.

शनिवार, २३

हे आले नाहीत. वखारवाल्याचा निरोप — थोरला साखळी तोडून पळाला, हे त्याला शोधत हिंडतायत.

चिमी म्हणते, आई, कुत्रीला बांध. हट्ट नाही, रडणं नाही. एका सुरात म्हणत राहते. बांध ना. बांध ना. धाकटी माझ्यापासून दूर व्हायला तयार नव्हती.

बांधली.

दुपार

धाकटीने दोर तोडला. आत आली. चिमीकडे बघितलंसुद्धा नाही — सरळ जिन्याखाली. दार ओरबाडतेय. गुरगुरत नाही. शेपूट हलवतेय. कुईकुई करतेय, आपलं माणूस भेटल्यासारखी —

आतून रडणं येतंय. पोत्यांच्या मागून. दम लागून लागून. माझी पोर रडते तसं.

ही समोर खुर्चीवर बसली आहे. मी लिहितेय तोवर बसेल. हात थांबला की —

म्हणते, आई, तिथे कोणी नाही.

बुधवारपासून. बुधवारपासून माझं लेकरू आत, आणि मी इथे हिला भरवत —

दाराशी जायचं तर हिच्या अंगावरून जावं लागेल. धाकटी वळली. आली. आमच्या मध्ये उभी राहिली, पाठ माझ्याकडे.

देवा, बळ दे. हिची खुर्ची सरकली. मी उठतेय. चिमे, आले गं, आले, कडी —