हितेशचं रिलीज डीड

३ फेब्रुवारी
हितेश येऊन गेला. माझा धाकटा भाऊ – कळंबोलीत मालवाहू ट्रेलरचं यार्ड, गळ्यात दोरखंडाएवढी चेन! खांदेश्वरच्या या भाड्याच्या खोलीत पाच मिनिटंही टेकला नाही. पाकीट टेबलावर ठेवलं. “ताई, आबांच्या प्लॉटचा रिलीज डीड हाय. वाच आनि सही कर.”

रिलीज म्हणे! पिक्चर आहे का? सरळ हक्कसोडपत्र म्हण ना.

आबांची शेती नवं शहर वसवायला सरकारने घेतली, बदल्यात हा प्लॉट मिळाला. आता आबा नाहीत. आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची, ओटी भरून हसत निघायचं. आत्यांनी केलं. मी करणार नाही! लग्न नाही, घर नाही. तो तुकडा तरी माझा आहे.

४ फेब्रुवारी
पहिलं पान पाहिलं. सेक्टर, क्षेत्रफळ, चतुःसीमा. मथळ्यातलं इंग्रजी स्पेलिंगच चुकलेलं. पुढे वाचवेना. लाल पेनाने पान रंगवलं.

५ फेब्रुवारी
अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला मुद्दाम हाच शब्द घेतला. उत्तरं काय – पिक्चर रिलीज, धरणाचं पाणी रिलीज! एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमचे काका रिलीज झाले, जेलमधून.” वर्ग खिदळला. मूळ कुणालाच माहीत नाही.

लॅटिनमध्ये सैल सोडणं, तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. रिलॅक्स त्याच मुळाचा. लीजसुद्धा – या शहरातले प्लॉट ज्या लीजवर आहेत तो! आणि रेलिश – म्हणजे मुळात मागे उरलेली चव. स्टाफरूममध्ये एवढं सगळं सांगितलं, तर संध्या मॅडम “इंटरेस्टिंग हां” म्हणून डब्यातली भेंडी चिवडत बसल्या. अडाणी सगळे! माझा भाऊ त्यांचा मेरुमणी.

९ फेब्रुवारी
हितेशचे तीन मिस्ड कॉल. बसू दे ताटकळत.

१२ फेब्रुवारी
आईचा फोन. “सुची, वाचलास का गं कागद?” म्हटलं, आधी तुझ्या लेकाला स्पेलिंग शिकव. “तू नुसता वाच गं, हितेश काय बोलला –” पुढचं ऐकलंच नाही, फोन ठेवला. जन्मभर अंगठा उठवला या बाईने आणि मला सांगते वाच!

१६ फेब्रुवारी
हितेशच्या मुलीचा, अक्षताचा साखरपुडा. कामोठ्यात एसी हॉल, कारंजं, ड्रोन! वहिनीने माझ्या हातात साडीचा बॉक्स ठेवला आणि माझं डोकंच सरकलं. पर्समधल्या पाकिटातून ते लाल खुणांचं पान काढलं आणि व्याह्यांसमोर फडकवलं. म्हटलं, “माझ्या भावाला एका साडीत बहिणीचा हिस्सा हवाय. कुठल्या घरातली मुलगी करताय ते नीट बघून घ्या.”

हितेश मान खाली घालून एवढंच म्हणाला, “ताई, घरी बोलू ना.” साडी आत्याचा मान म्हणून होती, असं वहिनी रडत सांगत होती. म्हणे मान! पाकीट पर्समध्ये टाकलं आणि निघाले. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१८ फेब्रुवारी
आई एकटी रिक्षा करून आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. “पाकीट काढ. दुसरा पान वाच. मोठ्यानी.”

वाचलं. लिहून देणार – हितेश गोटीराम. लिहून घेणार – सुचिता गोटीराम. प्लॉटमधला त्याचा सगळा हिस्सा, माझ्या नावे.

“तो बोलला, मना यार्ड हाय, ताईला काय हाय?”

व्याह्यांचा नकार सकाळीच आला होता. ते तिने जाताना सांगितलं, चपला घालता घालता.