शेवटची ओव्हर सर्फ्याला

४ जाने., रवि.
पेणच्या टुर्नामेंटची सेमी. जिंकलो. शेवटच्या ओव्हरला नऊ वाचवायचे होते. मी सवयीने टोपी काढून अंपायरकडे निघालो, तर कॅप्टन दिन्या म्हणतो, "महेशदादा, तू लाँगऑनला जा. सर्फ्याला देऊ." लाँगऑनला! अकरा वर्षं या टीमची शेवटची ओव्हर, शे. ओ., माझी. टीमचा मालक, शेठ, मला पैसे देतो ते त्या सहा बॉलचे, फिल्डिंगचे नाय.
सर्फराजने चारच दिले. पोरांनी खांद्यावर घेतला. मी पण टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

५ जाने.
फर्स्ट शिफ्ट. कंपनीच्या गेटवरच सगळे, "तो रोह्याचा बॉलर कोण ओ? काय स्लो बॉल!" म्हटलं, तिकडं कतारात, दोह्याला होता कामाला, परत आलाय. त्याला स्लो बॉल मीच शिकवला, हे नाय सांगितलं. दिवाळीनंतर सलग पाच रविवार, रोह्याला नदीकाठी. स्वतःच्या पेट्रोलने गेलो होतो. घ्या!

८ जाने.
दिन्याच्या तोंडून निसटलं. पुढच्या सीझनला शेठ शे. ओ.ला एकच बॉलर ठेवणार. दोघांचे पैसे कशाला द्यायचे? बरोबरच आहे म्हणा. मला छत्तीस, त्याला सव्वीस.
बायको सुनंदा हमरापूरला कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. जेवताना म्हणाली, "आमच्याकडे डोळ्यांना नवी बाई आलीय. काय हात हाय तिचा! मी तिला माझा चांगला ब्रश दिला." म्हटलं, मग तुझं काय? "मला काय धाड भरलीय? परदेशी पाठवायचा लॉट पडलाय, मूर्ती काय कमी हायत?"
टोमणा होता की सरळच बोलली, कळलं नाय. तिकडे मूर्ती हजार. आमच्याकडे ओव्हर एकच.

११ जाने., रवि.
सर्फ्या घरी आला. खजुराचा डबा घेऊन. "अम्मी बोलली, ज्याने शिकवलं त्याच्याकडं रिकाम्या हाताने जायचं नाय." आई खूश. सुनंदा खूश. पोरगी तर त्याच्याबरोबर फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर.
जळतो मी. लिहूनच टाकतो. त्याच्या खांद्यावर, हसण्यावर, त्याच्या अम्मीवर सुद्धा. खजूर चांगला होता. चार खाल्ले.

१२ जाने.
केलं एकदाचं. सेमीच्या रेकॉर्डिंगमधून त्याचा स्लो बॉल कापला, स्पीड कमी केला. कोपर वाकलेलं स्वच्छ दिसतं. जुन्या सिमवरून कमिटीला पाठवला, खाली एकच शब्द: फेकी. हात वाकवून फेकणारा ठरला की बॉलिंग बंद. नियमच आहे.
माझं पण वाकतं. त्या बॉलला वाकवावंच लागतं, मीच तसं दाखवलं. पण मला अकरा वर्षांत कोणी विचारलं नाय. जुना माणूस.

१५ जाने.
दिन्याचा फोन. "कोणी हलकटाने सर्फ्याची क्लिप पाठवलीय. कमिटीने शनिवारी बोलावलंय, सोबत टीमचा जाणता माणूस पाठवा बोलतात. तू जा दादा. तुझ्याएवढं कोणाला कळतं?"
व्हय म्हटलं. नाय कसं म्हणणार?

१७ जाने., शनि.
पेणच्या ग्राउंडवर. सहा बॉल टाकायला लावले, बाजूने शूटिंग. पाच सरळ. सहावा स्लो. हात वाकला.
सेक्रेटरी म्हणाला, "हा बॉल शिकवला कोणी तुला?"
सर्फ्याने माझ्याकडं बघितलं. आता घेतो नाव. घेऊ दे, म्हणजे मला त्याचा राग तरी येईल.
"दोह्याला शिकलो साहेब. तिकडं चालतं."
मला विचारलं, तुमचं मत? मी म्हटलं, वाकतोय. एवढंच बोललो. खोटं नव्हतं.
फेकी. फायनलला बॉलिंग बंद.
बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझं नाव घेतलं असतं तर तुझा पण हात बघितला असता दादा. फायनलला कोणीतरी पाहिजे ना." वर मला चहा पाजला. मेल्याने पैसे पण मला देऊ दिले नाय.
मला वाटलं होतं, आज झोप लागेल.

१८ जाने., रवि., सकाळ
फायनल चार वाजता.
दिन्याचा मेसेज: शे. ओ. तुझी.
सर्फ्याचा मेसेज: दादा, स्लो बॉलच टाक. मी समोर बसतो, हात कसा जातो ते बघतो. सरळ टाकायला शिकायचंय मला.
सुनंदा दोनदा विचारून गेली, काय झालंय?
सकाळपासून मागच्या दारी भिंतीवर टाकतोय. चाळीसेक झाले असतील. सरळ हाताने तो बॉल मला येतच नाय.