खिंडीतला म्हातारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

मेलेला माणूस दार उघडायला आला! माझ्याच कादंबरीत, आणि मला पत्ता नाही.

सकाळी संपादकबाईंचा फोन. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे ओळखलंच मी. मग म्हणाल्या, "अहो, चौथ्या भागाच्या सातव्या प्रकरणात खिंडीतला म्हातारा वाटसरूंशी गप्पा मारत बसलाय." मी म्हटलं, "बसू दे की, त्याला सवयच आहे." तर म्हणतात, "तो तिसऱ्या भागात गेला ना! तुम्हीच मारलात. मी रडले होते."

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या भागात नियम मीच घातला होता – दरीपलीकडे गेलेला माणूस परत येत नाही, कुठल्याही मंत्राने नाही. जादूच्या गोष्टीत जादूला लगाम लागतो, नाहीतर वाचकाचा विश्वास उडतो. आणि हा पठ्ठ्या चक्क खिंडीचं दार उघडून "या, पाय दमले असतील" म्हणतोय. पुढे पानंच्या पानं बोलतोय! मी ते लिहिलं, तपासलं, छान झालंय म्हणून पाठवूनही दिलं.

नजरचूक झाली, काढून टाकते, असं संपादकबाईंना कळवलं.

५ फेब्रुवारी

प्रकरण पुन्हा वाचलं. अख्ख्या चौथ्या भागात जिवंत तेवढंच आहे. बाकीचे सगळे भाषण पाठ केल्यासारखे बोलतात.

त्याचा आवाज बाबांचा आहे, दुसरं काय. बाबांना झटका आला आणि वाचा गेली तेव्हा तिसरा भाग अर्धा झाला होता. म्हातारा तोंड उघडायचा आणि मला रडू फुटायचं, म्हणून मारून टाकला त्याला. सगळ्यांना वाटलं, काय धाडस केलंय बाईंनी! धाडस कसलं डोंबलाचं.

बाबा पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसलेले असतात. जेवतात, पेपर चाळतात, मी गेले की माझ्याकडे बघतात. त्यांना किती कळतं ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. आणि मी इकडे टेबलाशी बसून त्यांचा आवाज आठवत असते. माणूस भिंतीपलीकडे आणि मला त्याची आठवण येते! एकदा बोलावं त्यांनी. काहीही. शिवी दिली तरी चालेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयातला लेखनाचा वर्ग. मी शिकवते तिथे एक दंतवैद्य येतात, त्यांनी शेवटी आपली कादंबरी वाचून दाखवली. ड्रॅगन आहे. पहिली सगळी पानं नुसते दात! सुळे, दाढा, हिरड्यांचा रंग, कुठे कीड लागली आहे तेसुद्धा. वर्ग हसून हसून लोळला. बिचारे कानापर्यंत लाल झाले. "मॅडम, हे आपलं काम नाही. सोडून देतो."

मी म्हटलं, "खबरदार! दात तसेच ठेवा. तुम्हाला डोळे मिटून जे दिसतं, त्याच्याच आधारावर बाकीच्या थापा पचतात. आता त्या तोंडात एक माणूस नेऊन उभा करा."

"आणि वाईट झालं तर?"

"वाईटच होणार. माझं पहिलं पुस्तक किती वेळा लिहिलं ते मी लाजेखातर कोणाला सांगत नाही. रोज बसायचं. एक पान. टुकार तर टुकार."

त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं. काय छान बोलते मी दुसऱ्यांना! घरी आले आणि एक ओळ लिहिली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांसाठी नवी स्पीच थेरपिस्ट यायला लागली आहे. तरुण आहे, पण घाई नाही तिला. म्हणाली, कधीकधी जन्मभर तोंडात बसलेली वाक्यं आधी परत येतात. अर्धं वाक्य आपण म्हणायचं, उरलेलं ते म्हणतात. "काय म्हणायचे हो ते नेहमी?"

मी सुटलेच! लहानपणी मी गोष्ट रचून सांगायचे तेव्हा "मग? पुढे काय?" म्हणायचे. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात कोणी तावातावाने आलं की "वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याला आत बोलवायचं." रस्ता चुकलेल्याला, "आधी पायांना विचार." सांगताना मला त्यांचा आवाज लख्ख ऐकू येत होता. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

ती बाबांसमोर बसून हळूच म्हणाली, "वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याला...?" आणि थांबली.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

१४ फेब्रुवारी

आजही भिंत. "मग? पुढे...?" म्हटलं तर डोळे मिटून घेतले. आशा लावून बसू नये हे कळतं मला. तरी बसतेच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्या आली होती. बाबांची धाकटी बहीण, या घरात तिला कोणाची भीडभाड नाही. मी बाबांसमोर वाक्यांचा सराव घेत होते, ती दारात उभी राहून ऐकत होती. मग मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हे काय वारा न् पाय लावलंयस गं? दादा असलं कधी बोलला?"

"अगं, नेहमी म्हणायचे!"

"कधी? तुझ्या पुस्तकात तो खिंडीतला दाढीवाला म्हणतो ते. मी वाचलीत तिन्ही. दादा दिवसभरात चार शब्द बोलला तर नशीब. दुकानात गिऱ्हाईकच बोलायचं, हा नुसता काच पुसायचा."

"आणि 'पुढे काय'?"

"ते वहिनी विचारायची. तू लहान होतीस. दादा आपला बाजूला बसून ऐकायचा."

"मग बाबा काय म्हणायचे गं?"

"बघू म्हणायचा. काहीही विचारा – बघू."

१७ फेब्रुवारी

बघू! खरंच की. सहलीला जाऊ? बघू. मी लेखिका होऊ? बघू. मला आठवतंय आता, पण शब्द आठवतोय, आवाज नाही. 'बघू' म्हणून पाहिलं मनात, तर ते म्हाताऱ्याच्या आवाजात येतं. बाबांचा आवाज मीच खोडून टाकलाय की काय! इतकी पानं लिहिली त्यांच्यासाठी आणि त्यात बाबा कुठेच नाहीत. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचं वाक्यसुद्धा मी दुसऱ्याच्या तोंडी घालून बसले.

आणि ते गप्प बसलेले बाबा, तो माणूस मला आज हवाय. कथेतला नको. थेरपिस्टला फोन करून सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "तुमची चूक आहे, पण गोड आहे." गोड कसली?

२० फेब्रुवारी

म्हाताऱ्याची वाक्यं इतरांना वाटून पाहिली. एकालाही बसत नाहीत. शेवटी ठरवलं, पूर्ण प्रकरण उडवायचं. नियम म्हणजे नियम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दंतवैद्यांनी माणूस उभा केला! तो ड्रॅगनच्या जबड्यात शिरतो, घाबरून पळण्याऐवजी किडलेली दाढ बघतो आणि विचारतो, "दुखतंय का फार?" यावेळी कोणी हसलं नाही. मीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना म्हटलं, आता थांबू नका, जगबुडी आली तरी थांबू नका.

परत येताना वाटभर चडफडत होते. एवढी साधी ओळ मला का सुचू नये?

२३ फेब्रुवारी, रविवार

उडवण्याआधी सातवं प्रकरण एकदा मोठ्याने वाचावंसं वाटलं, निरोप म्हणून. बाबांसमोर बसून वाचलं. म्हातारा दार उघडतो, वारा झाला, पाय झाले, त्याचं संपता संपेना. आणि बाबांनी हात वर केला. मी थांबले. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. आवाज घोगरा, बारीक, मी कुठल्याच पानावर न लिहिलेला.

"म्हातारा... फार... बोलतो."