झडप कुठं बसवायची

ता. १२ जून १९४३, शहापूर
पेट्रोलची कुपनं आणखी कापली. दादा कुपनं मोजत बसला. शेवटी म्हणाला, "गाडीला कोळसा खायला शिकव, नायतर विकून टाकू." म्हणजे शहापूर–मुरबाड सर्व्हिस बंद, आणि आम्हा दोघा भावांनी काय हवा खायची? कल्याणच्या कासममिस्त्रीला निरोप धाडला.
बायकोला, सुमनला, सहावा महिना सरतोय. म्हणते, "मला मुरबाडला आयेकडं पोचवीपर्यंत तरी गाडी ठेवा." आधीची दोन पोटातच गेली. हे टिकलं पाहिजे, बाकी काय व्हायचं ते होवो.

ता. २२ जून
मिस्त्री आला. गाडीच्या मागं भट्टी जोडली, न्हाणीतल्या बंबासारखी दिसते. कोळशाचा गॅस नळीतून पुढं इंजिनात. वाटेत एक झडप. गॅस किती, हवा किती, ते तिनं राखायचं. चढ आला की फिरवा, उतार आला की फिरवा.
ती बसवायची कुठं, यावर दुपारभर वाद. मिस्त्री: "बाहेर ठेवू तर दर चढाला उतरून बॉनेट उघड. आत ठेवू तर नळी लांबते, सांधे दोन वाढतात. गाडी तुमची, तुमी बोला." दादा म्हणाला, बाहेर. मी म्हटलं, आत, माझ्या डाव्या गुडघ्याजवळ. भर चिखलात उतरायचं मला आहे, दादाला नाही. तो गल्ल्यावर बसणार.
आत बसवली.

ता. ३० जून
चढाला झकास ओढते. बसल्या जागी झडप फिरवतो, गाडी दम तोडत नाही. पोरंटोरं "बंबगाडी आली" म्हणून ओरडतात. ओरडेनात का. गाडी भरून जाते.

ता. ९ जुलै
पाऊस हटत नाही. दोन्ही बाजूंचे पडदे बांधूनच गाडी हाकतो.
ड्रायव्हरशेजारची जागा पोटुशीची. तिथं धक्के कमी. पाटील आधी येऊन बसला असला तरी उठून मागं जातो, कोणाला सांगावं लागत नाही. आज किन्हवलीची एक पोर होती, पहिलटकरीण. मुरबाडच्या अलीकडे ओढा चढलेला, म्हणून इंजिन बंद करून थांबलो. भट्टी चालूच ठेवली. विझवली की परत पेटवायला पंखा फिरवत बसा. मी पाणी बघायला खाली गेलो. येऊन बघतो तर पोरीनं मान टाकलेली. तिची सासू म्हणाली, "काय नाय, दिवस भरत आले का भोवळ येतेच." तोंडावर पाणी मारलं. ओकली, मग उठली. मागच्या बाया हो हो म्हणाल्या. मीही म्हणालो.

ता. १७ जुलै
परत तोच ओढा, परत थांबलो, पुढच्या जागेवर दुसरी पोटुशी बाई, तिनंही तशीच मान टाकली. ह्या खेपेला म्हणे तिचा उपास होता. पोटात जीव असताना उपास कसला धरतात देव जाणे.
दादाला सहज सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्याच शीटवरची कशी रे?" माझं डोकं फिरलं. झडप बाहेर बसवायची होती ना त्याला, आता उगाच खुसपटं काढतो. तसं बोललोही.

ता. २६ जुलै, मुरबाड
सुमनला आणलं. झालं ते लिहितो.
ओढ्यावर थांबलो. पाऊस तिरका. तिच्या अंगावर येऊ नये म्हणून तिच्या बाजूचा पडदा मीच खालपर्यंत आवळून बांधला. वरून घोंगडी दिली. मी खाली उतरलो नाही, तिच्याजवळ बसलो. म्हणाली, "अवो, डोकं ठणकतंय." म्हटलं, नीज जरा. निजली. मग माझंही ठणकायला लागलं, मळमळलं. आता मी काही पोटुशी नाही, उपासही नव्हता...
पडदा फाडला. तिला ओढून पावसात काढलं, मागच्यांनाही हाका मारून उतरवलं. ते मागच्या उघड्या दाराकडे होते, त्यांना काही नाही. सुमन ओ देईना. चिखलात मांडीवर घेऊन बसलो. फार उशिरानं डोळे उघडले. मी रडलो, सगळ्यांसमोर.

ता. २७ जुलै
झडपेचा सांधा तपासला. केसाएवढी चीर. गाडी चालू असते तेव्हा इंजिन गॅस ओढून घेतं, म्हणून काही होत नाही. थांबलो की भट्टी आपली गॅस सोडतेच, आणि तो निघतो तिथून, पुढच्या जागेच्या पायाशी. धूर नाही, वास नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवली की दार किलकिलं ठेवतात. मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून बघतोय. गाडीत सुचलं नाही.
सुमन बोलते, हिंडते. पण कालपासून पोटात हालचाल नाही. सुईण म्हणाली, "कंदी कंदी निजून ऱ्हातंय. वाट बगा." डॉक्टर बाहेरगावी, परवा यायचे. सासूबाईंना वाटतं प्रवास बाधला. "जावयबापू, तुमी जेवून घ्या," म्हणत होत्या.
किन्हवलीच्या पोरीचं काय झालं? विचारायला हवं. हिय्या होत नाही.

ता. २८ जुलै
दादा मिस्त्रीला घेऊन आला. झडप उपटून बाहेर बॉनेटशेजारी लावली. दादा मिस्त्रीला पाना-पकड देत राहिला, मला एवढंच म्हणाला, नळी धर. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी सुमनला सगळं सांगितलं. झडप, चीर, दादा काय म्हणाला होता ते, मी काय म्हणालो ते. वाटलं, तोंड फिरवील. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माज्या अंगाचा दोष नव्हता ना?" मागची दोन गेली तेव्हापासून हे मनात धरून बसलीय, मला कधी कळलं नाही.
म्हटलं, नव्हता.
मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बगा, आता काय हललं का?" किती वेळ ठेवला कोण जाणे. काहीतरी थरथरलं खरं. आतून, की माझाच हात कापत होता, सांगता येत नाही. ती तोंडाकडे बघत होती.
म्हणालो, हललं.